सोमवारचा बांगडा

बेव्हर्ली पार्क या वसाहतीत अंबिकाकाकूंची छोटी खानावळ आहे. आसपासच्या हॉटेलांवर ब्लॉग लिहिणाऱ्या एकाने तिचं भरभरून कौतुक केलं होतं. शेजारच्या निकेतने ते हौसेने वाचून दाखवलं, “सोमवारी इथला तळलेला बांगडा खाल्ला. लाजवाब!”

काकूंचा हात पिठातच थांबला. “सोमवारी? माझ्याकडे सोमवारी मासळी शिजते कधी?”

“पण काकू, गिऱ्हाईक वाढेल!”

“आणि सोमवारी बांगडा मागेल. मग खोटी कोण ठरेल रे? हा मेला न जेवताच लिहितोय. त्याच्या लेखाखाली लिही, ‘तू आलाच नव्हतास. ये, जेव, मग हवं तर वाईट लिही.’”

निकेत थक्क झाला. आजवर त्याच ब्लॉगवर विसंबून तो जेवायला जात होता. त्याने तसंच टाइप केलं. काकूंनी ते दोनदा वाचून घेतलं, मगच भाकरी थापली.