ती कोरफड नव्हती

मंडळी, आज डोकं तापलंय.

काल कुंडीतल्या रोपाचा फोटो इथं टाकून नाव विचारलं. नऊ जणांनी छातीठोकपणे लिहिलं, "कोरफड!" पान मोडून बघा, असं एकानंही म्हटलं न्हाई.

सकाळी वहिनीनं त्याचाच रस तोंडाला लावला. गाल सुजून लाल झालेत, आणि उद्या तिची नोकरीची मुलाखत!

धावड्याहून राहायला आलेल्या आईनं पान मोडून आतले दोरे दाखवले. "अगं, घायपात हाय हे. आम्ही याचे दोर वळायचो, हात लई खाजायचे."

"मंग आधी सांगितलं का न्हाई?"

"मला कुणी विचारलं?"

तुम्हाला विचारलं, मोबाईलला विचारलं. आई आठ दिवसांपासून त्याच कुंडीजवळ बसून चहा पिऊन राह्यली.