हातात धरलेली सायकल

अमडापूरला फक्त पायी आणि सायकलनं जाणाऱ्यांसाठी वेगळा रस्ता करायचं ठरलं, म्हणून येणारे-जाणारे मोजायला मी सकाळीच फाट्यावर बसलो. एक जण सायकलवरून आला. पुढं पायी चाललेला म्हातारा दिसताच तो उतरला आणि सायकल हातात धरून त्याच्यासोबत गप्पा मारत निघाला. आता याला सायकलवाल्यांत धरू की पायी जाणाऱ्यांत?

बाबाही असेच होते. ओळखीचं कोणी पायी दिसलं की उतरलेच. घरी पोचायला उशीर व्हायचा. आई करवादायची, "मंग सायकल घेतली काऊन?"

"एकटा असलो म्हंजे बसाले!"

मोजणीच्या साहेबांना मी एवढंच सांगितलं, "रस्ता रुंद ठेवा. दोन माणसं आणि मधे एक सायकल मावली पाहिजे."