पाच नंबरचे बूट

बूटमास्तरचं सारं आयुष्य लोकांच्या पायाशी बसून गेलं, आणि त्याची त्याला कधी लाज वाटली नाही. तोंड खोटं बोलतं, टाच बोलत नाही, असं म्हणायचा. खोटं शिवलं ते त्यानंच, आणि तेही बायकोच्या बुटात.

लग्न होऊन आली तेव्हा ती पाच नंबरची. दुकानामागच्या खोलीत मशीनवर बुटांचे वरचे भाग ती शिवायची, तळ तो ठोकायचा. सासू तोंडाची तिखट. "सुनेला काम येईना का, पाऊल तेवढं देखणं," म्हणायची. त्या घरात तिच्या वाट्याला आलेलं कौतुक एवढंच. सासू गेली, तरी तिनं ते जपून ठेवलं होतं.

आठ वर्षांपूर्वी तिचे बूट टाचेला चावायला लागले. मास्तरनं माप घेतलं तर पाऊल चांगलं वाढलेलं. तिच्या पावलांचे लाकडी फर्मे होते, ज्यांच्यावर कातडं ताणून बूट घडवतात ते ठोकळे. तिचा चेहरा पडू नये म्हणून त्यानं गुपचूप फर्म्यांवर चामड्याची एकेक पट्टी ठोकली आणि नव्या बुटात ठसा मारला पाचाचाच.

"बघा, अजून पाचच!" ती खूश.

झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या वर्षी आणखी पट्टी, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. दर पट्टीवर पेन्सिलीनं तारीख घालायचा. कारागिराचा हात तो, लबाडीसुद्धा नीटनेटकी करायचा.

हळूहळू तिची बोटं जाड झाली, अंगठी कापून काढावी लागली. नाक पसरलं, आवाज घोगरा झाला. "वय झालं हो," ती म्हणायची. रोज बघणाऱ्याला काय दिसतं, कपाळ!

दोन वर्षांपूर्वी डोकं दुखतं म्हणून ती जवळच्या डॉक्टरकडे गेली आणि हसतच परत आली. "अहो, डॉक्टर विचारतात, बूट घट्ट होतात का? म्हटलं, बूटमास्तरची बायको आहे मी. लग्नापासून पाच नंबर!"

मास्तरच्या तोंडात खिळे होते. तो नुसता हसला. डॉक्टरनं डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या ती घेत राहिली.

यंदा ती दाराच्या चौकटींना धडकायला लागली, कधी डाव्या, कधी उजव्या. मशीनची सुई दिसायची, शेजारची कात्री दिसायची नाही. डोळ्यांच्या डॉक्टरनं तपासलं आणि घाईनं मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथल्या डॉक्टरीणबाई ग्रंथींच्या आजारांवर संशोधन करत होत्या.

तपासणीच्या सकाळी नर्सनं फॉर्म भरला. "बुटाचा नंबर बदलला का?"

"छे! पाचच."

तिला साखरेचं पाणी पाजलं, अर्ध्या अर्ध्या तासानं रक्त काढत बसले. तेवढ्यात मास्तर दुकानात जाऊन पिशवी घेऊन आला. वाटेत दोनदा थांबला. परत फिरावं असंही त्याच्या मनात आलं.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. "मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यात गाठ झालीय. साखर प्यायल्यावर वाढीचं हार्मोन रक्तात कमी व्हायला हवं, यांचं होतच नाही. गाठ ते सोडतच राहते, त्यानं हातपाय, नाक वाढत जातं. आणि आता ती डोळ्यांच्या नसांवर दाबतेय, म्हणून बाजूचं दिसत नाही." त्यांनी फॉर्म बघितला. "पण पाय वाढले नाहीत म्हणता?"

मास्तरनं फर्मे टेबलावर ठेवले. एक उचलला, रापीनं, चामडं कापायच्या सुरीनं, पट्ट्या एकेक करून सोडवल्या. आठ पट्ट्या, आठ तारखा. खाली उघडं पडलं ते इवलंसं लाकडी पाऊल.

डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी हे कळलं असतं, तर नजर वाचली असती कदाचित."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाहेर ती बाकावर बसली. मग विचारलं, "आता खरा नंबर किती?"

"आठ."

"सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, सून आणली की होडी?" ती हसायला लागली आणि मध्येच हसू मोडलं. "पायांवरून खचले असते मी? एवढी हलकी वाटले तुम्हाला?"

 या वेळी मास्तरच्या तोंडात खिळे नव्हते.

नाकातून ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण सगळी नाही. उरलेल्या गाठीसाठी दर महिन्याला इंजेक्शन. फर्मे आणि पट्ट्या डॉक्टरीणबाईंनी संशोधनाला मागून घेतल्या. "आजार कधी सुरू झाला ते रक्त सांगत नाही, हे सांगतं," म्हणाल्या. मास्तरनं दिले. बैल गेला आणि झोपा केला.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिच्या कानाशेजारी बोटं हलवून बघितली. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला.

"कधी हलवताय?" तिनं विचारलं.

काही महिने वाट बघू, असं सांगून त्या गेल्या. मास्तर उशाशी स्टुलावर बसलेलाच होता.

"अहो, गेलात का?"

"इथंच आहे."

"दिसत नाही."

त्यानं स्टूल उचललं आणि पायथ्याशी, तिच्या समोर नेऊन ठेवलं. चादरीबाहेर तिची पावलं आली होती. दवाखान्याची चादर, कुणाच्या मापाची थोडीच असते.

"आता?"

"हां. तिथंच बसा."

तो बसून राहिला, पावलांकडे न बघता.