पावसाळी नोंदी

पसारा मला खपत नाही. एकाच कामाच्या दोन वस्तू दिसल्या की माझे हात शिवशिवतात. अलिबागच्या आमच्या पाणीपुरवठा कचेरीत मोडेमचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी साफसफाई काढली.

काम सोपं होतं. गावोगावच्या टाक्यांवर एकेक नोंदपेटी बसवलेली. टाकीत पाणी घ्यायचा व्हॉल्व्ह कधी उघडला, टाकीत पाणी किती, हे ती टिपून ठेवायची. आमच्या कॉम्प्युटरवर काळ्या पडद्याचा एक प्रोग्राम होता. त्यात प्रत्येक पेटीचा फोन नंबर, वेग आणि जोडणीच्या आज्ञा साठवलेल्या असत. यादीतलं नाव निवडून एन्टर दाबलं की मोडेम किंचाळायचा आणि पेटीतला मजकूर पडद्यावर यायचा. माझ्या आधीचे सर निवृत्त होऊन श्रीवर्धनला आपल्या सुपारीच्या वाडीत रमले होते. त्यांनी प्रत्येक गावाच्या दोन नोंदी ठेवलेल्या. नंबर तोच, पण एक नोंद वेगवान आणि दुसरी अगदी रडतखडत चालणारी. म्हटलं, वयाचा परिणाम, दुसरं काय. सगळ्या हळू नोंदी पुसल्या, यादी सेव्ह केली आणि साहेबांना दाखवून शाबासकीही घेतली. मे महिना होता, लायनी खणखणीत लागत होत्या.

श्रावणात एका सकाळी म्हसळ्याकडच्या एका गावातून तिथल्या व्हॉल्व्हमनचा फोन आला. गावातल्या दुकानातून बोलत होता. मागच्या आठवड्यात एका सकाळी नळ कोरडे राहिले होते. हा झोपून राहिला, व्हॉल्व्ह उघडलाच नाही, असं त्याला कामावर ठेवणाऱ्या ठेकेदारानं ठरवून टाकलं होतं आणि उद्या तो त्याला काढणार होता. त्याचं म्हणणं एवढंच, की मी उघडला होता.

साहेब म्हणाले, पेटीतून नोंद काढा. पेटी आठच दिवसांचं लक्षात ठेवायची आणि रोज दुपारी बाराला सगळ्यात जुना दिवस पुसून टाकायची. त्या सकाळला आज आठवा दिवस होता, आणि घड्याळात साडेदहा वाजले होते. एसटीनं जाऊन बाराच्या आत पोचणं शक्यच नव्हतं. मी छाती ठोकून सांगितलं, पाच मिनिटांत देते.

पाच मिनिटांत मला मिळाला तो कचरा. पडद्यावर वेडीवाकडी अक्षरं यायची आणि लाइन तुटायची. आठ वेळा लावली, आठही वेळा तेच. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, तारांच्या जोडांत पाणी शिरलेलं. मी हातानं वेग कमी करून पाहिला. दोन्ही मोडेम एकमेकांवर नुसते किंचाळत राहिले. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. त्या हळू नोंदी पावसाळ्यासाठी होत्या, आणि मी शहाणीनं त्या एकजात पुसल्या होत्या. माझ्या नीटनेटकेपणापायी एका माणसाची भाकरी जाणार होती.

सरांच्या घरी फोन लावला. ते वाडीत गळलेल्या सुपाऱ्या वेचायला गेले होते, त्यांच्या बायकोनं हाका मारून बोलावलं. ओल्या अंगानंच फोनवर आले असणार. सगळं ऐकून म्हणाले, "पावसाळी नोंद लाव की."

"सर, मी ती पुसली."

आता ऐकावं लागणार म्हणून मी डोळे मिटले. पण त्यांनी "लिहून घे" एवढंच म्हटलं. पेटीतला मोडेम जुना आहे, आधी त्याची चुका दुरुस्त करायची सवय बंद करावी लागते, मग तो कमी वेगावर टिकतो. ती आज्ञा त्यांनी एकेक अक्षर सांगितली, कागद न बघता.

अकरा चाळीसला लाइन लागली. ओळी मुंगीच्या पावलानं सरकत होत्या आणि मी खुर्चीवर बसू शकत नव्हते. शेवटी ती सकाळ आली. पाच चाळीसला व्हॉल्व्ह उघडलेला, आणि टाकीत पाणी जराही चढलेलं नाही. त्या सकाळी टाकीपर्यंत पाणीच पोचलं नव्हतं. कागद छापून साहेबांच्या हातात दिला तेव्हा बाराला आठ मिनिटं कमी होती. साहेबांनी तिथूनच ठेकेदाराला फोन लावून झापलं.

मी दुकानात फोन केला. व्हॉल्व्हमन तिथेच बसून होता. त्याला सांगितलं, तुझं काम राहिलं. उशीर माझ्या चुकीनं झाला, हेही सांगून टाकलं. त्यात त्याला काही रस दिसला नाही. तो म्हणाला, "ताई, ह्येच जरा माज्या बायकोला सांगाल? हितंच हाय ती."

तिनं फोन घेतला. मी सांगितलं, तुमच्या नवऱ्यानं पाच चाळीसला व्हॉल्व्ह उघडला होता, माझ्यासमोर कागदावर आहे.

ती म्हणाली, "आठ दिस झाले, ताई. मलाबी ह्यांचं खोटंच वाटलं. मी ह्यांना जेवाय वाढतीय, पन ह्यांच्याशी एक शबुद बोलले न्हाय मी."