गिफ्टमध्ये फर्निचर बसत नाही

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात कापसाचा बारीक भुगा उडतो. कितीही झाडा, संध्याकाळी तो भुवयांवर बसलेला असतोच. किस्स्यांचं तसंच आहे. मी काही मुद्दाम गोळा करत नाही. डिस्पॅचला बसतो, खोकी बांधून ट्रकवर चढवतो, घरी जातो, आणि अंघोळीला बसलो की अंगावरून दोन-चार निघतात. बायको म्हणते, "यातले निम्मे तुमच्या पदरचे." असतील. पण जे सांगताना माझा आवाज चढतो ते खरे, एवढं ध्यानात ठेवा.

आणि ख्रिसमसचे किस्से सांगताना माझा आवाज चढतोच.

*

तुम्हाला ख्रिसमस डिसेंबरात येतो. आम्हाला तो मे महिन्यात येतो. चिंचोळी एमआयडीसीत पत्रा तापून वाजायला लागला की आमच्या जॅकार्ड लूमवर परदेशी ऑर्डरसाठी बर्फाच्या चांदण्या विणायला सुरुवात होते. घामाच्या धारा लागलेल्या, आणि समोर टॉवेलवर शिंगवाली हरणं बर्फातून गाडी ओढतायत. आमचा डिस्पॅचचा गडी बिरू, माळशिरसकडचा, घरी मेंढरं. तो पहिल्या वर्षी ते हरीण बघून म्हणाला होता, "नाना, ह्येला चारा कुटं मिळत आसंल वं?"

तर, थोरले साहेब कारखान्यात यायचे तोवर दिवाळीला प्रत्येकाला एक चादर आणि मिठाईचा पुडा मिळायचा. चादर आपल्याच मागावरची, पण हातात देताना थोरले साहेब नाव घेऊन द्यायचे. ते थकले आणि त्यांचे चिरंजीव, धाकटे साहेब, खुर्चीवर आले. पहिल्याच दिवाळीला चादर गेली, पुडा गेला. आम्हाला वाटलं, पोरगं नवीन आहे, विसरलं असेल.

विसरलं नव्हतं. डिसेंबरात एचआरच्या पल्लवी मॅडमनी सगळ्यांना चेकिंगच्या हॉलमध्ये उभं केलं. शेजारी धाकटे साहेब हात बांधून हसत. मॅडम म्हणाल्या, "यंदापासून आपण सिक्रेट सँटा करणार." म्हणजे डब्यातून चिठ्ठी उचलायची, ज्याचं नाव येईल त्याला गुपचूप भेट आणायची. स्वतःच्या खिशातून. दोनशे रुपयांच्या आत. "महाग नको, थॉटफुल पाहिजे." आणि शेवटचा नियम खास साहेबांचा: मिळालेली वस्तू आठवडाभर कामाच्या जागी वापरायचीच. तिचे फोटो आमचा माल घेणाऱ्या परदेशातल्या बायरबाईंना जाणार. बायरबाईंना आनंदी कामगार आवडतात.

बिरूनं हात वर केला. "म्हंजी मॅडम, दिवाळीची भेट आता आमीच आमाला द्यायची?"

मॅडम म्हणाल्या, "हो, पण सिक्रेटली."

*

पहिल्या वर्षी काय झालं ते कुठल्याही शहाण्याला आधी कळलं असतं. दोनशेत काय येतं? गेटजवळ आमचंच सेकंडचं दुकान आहे, बारीक दोष असलेला माल तिथं स्वस्तात मिळतो. प्रत्येकानं स्वतःपुरता हुशारपणा केला आणि गुपचूप तिथं जाऊन आला. सिक्रेट एवढं कडक पाळलं की कोणी कोणाला बोललं नाही.

पार्टीच्या दिवशी सगळ्यांनी एकदम कागद फाडले. टॉवेल. टॉवेल. टॉवेल. साहेबांना मिळालेल्या टॉवेलवरच्या हरणाला तीनच पाय होते.

सगळ्यात वाईट रत्नक्काचं झालं. रत्नक्का म्हणजे आमच्या चेकिंगची जुनी बाई. घरात तेलुगू, माग आजोबांपासूनचा, नजर अशी की ढिला धागा तिच्यापुढं लपत नाही. तिनं आपला टॉवेल उलगडला, कोपरा बघितला आणि खाली ठेवला. कोपऱ्यावर लाल स्टिकर, त्यावर तिचीच सही.

"अय्यो, हा मीच काढलेला की," ती म्हणाली. "मी नको म्हणलेलंच परत माझ्या गळ्यात."

मॅडमना वाईट वाटलं. मॅडम पुण्याच्या, पण मनानं वाईट नाहीत. त्यांनी विचारलं, "अक्का, तुम्हाला खरंच काय आवडलं असतं?"

रत्नक्कानं क्षणभरही विचार केला नाही. "पाठ टेकायची खुर्ची."

हे समजून घ्या. चेकिंगची बाई अख्खी पाळी वाकून बसते. टेबलावर टॉवेल पसरायचा, बघायचा, उलटायचा, बघायचा. आणि बसायला लोखंडी स्टूल. पाठ नाही, हात नाही. रत्नक्काच्या स्टुलाचा एक पाय आखूड, त्याच्याखाली टॉवेलच्या चिंधीची घडी. तिच्या कमरेला डॉक्टरचा पट्टा. ती उठते तेव्हा आधी टेबल धरते, मग श्वास धरते, मग उठते.

मॅडमनी साहेबांकडं बघितलं. साहेब गोड हसून म्हणाले, "अक्का, ते फर्निचर झालं. गिफ्टमध्ये फर्निचर बसत नाही. आणि फर्निचरला यंदा बजेट नाही."

*

दुसऱ्या वर्षी मॅडमना चिठ्ठी आली शेखचाचांची. चाचा आमचे बॉयलरवाले. मॅडमनी मनापासून विचार केला, की डिसेंबर आहे, चाचांचं वय झालंय. त्यांनी चाचांना लोकरीची माकडटोपी दिली.

बॉयलरवर. जिथं चाचा बारा महिने बनियनवर असतात.

पण नियम म्हणजे नियम, आठवडाभर वापरायची. पहिल्या दिवशी चाचांनी टोपी घातली, फोटो काढला, आणि फोटोत ते असे दिसत होते की बायरबाईंनी पाहिला असता तर ॲम्ब्युलन्स पाठवली असती. मी म्हटलं, "चाचा, काढा ती." चाचा म्हणाले, "नै नाना, मॅडम दिल से दिये. मेरेकू नै होना तो क्या, किसीकू तो होना."

दुसऱ्या दिवशी साहेब राउंडला आले. बघतात तर बॉयलरच्या प्रेशरच्या काट्याला माकडटोपी.

"चाचा, प्रेशर दिसत नाही!"

"साब, गिफ्ट है. हप्ताभर नै निकाल सकते. आपकाच रूल."

साहेबांनी टोपी स्वतःच्या हातानं काढली. तेव्हाच मला वाटलं होतं, हा नियम एक दिवस त्यांना चावणार.

*

त्याच वर्षी बिरूला आली मॅडमची चिठ्ठी. बिरू घाबरला. मॅडमना काय द्यायचं? त्यांच्याकडं सगळं असतं. सुट्टीला गावाकडं गेला आणि सोमवारी मोटारसायकलवरून, पुढं टाकीवर बसवून, एक कोकरू घेऊन आला. पांढरंशुभ्र, कान काळे, गळ्यात लाल रिबीन.

मॅडम म्हणाल्या, "बिरू, दोनशेत कोकरू?"

"घरचंच हाय की मॅडम. पैशे न्हाय पडलं. तुमी एकल्याच ऱ्हाता, म्हणून इचार केला."

आता तुम्ही मला सांगा, या पृथ्वीतलावर यापेक्षा थॉटफुल गिफ्ट कोणी दिलं असेल? मॅडमचे डोळे भरले. आणि नियमाप्रमाणं कोकरू आठवडाभर एचआर खात्यात राहिलं. इंटरव्ह्यूला आलेला एक इंजिनिअर त्याला बघून परत गेला म्हणतात. कोकरानं त्याला काही प्रश्न विचारले की नाही, मला माहीत नाही.

पण चौथ्या दिवशी ते सँपल रूममध्ये घुसलं आणि बायरला जायच्या टॉवेलवरचा बर्फ खाऊन टाकला. हरणाच्या पाठीपर्यंत. सगळे पोट धरून हसत होतो.

साहेब हसले नाहीत. सँपलचा खर्च बिरूच्या पगारातून कापला. मॅडम केबिनमध्ये जाऊन भांडल्या, बाहेर आल्या तेव्हा तोंड लाल होतं. बिरू त्यांनाच समजावत होता, "जाऊ द्या मॅडम. कोकरू खूश हाय न्हवं?"

मी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला नाही.

*

मग माझा किस्सा. तिसऱ्या वर्षी साहेबांना चिठ्ठी आली माझी. खोकं केवढं, वर रिबीन केवढी. उघडलं तर मग. चहाचा. त्यावर छापलेलं: 'बेस्ट बॉस'.

आदल्या वर्षी हाच मग अकाउंट्सच्या एकानं साहेबांना दिला होता. कानाजवळचा टवकासुद्धा तोच. आपल्याकडं लग्नातला टॉवेल-टोपीचा आहेर एका मांडवातून दुसऱ्या मांडवात फिरतो, मान्य. पण फिरवताना निदान तो नवरदेवाला शोभेल एवढं बघतात!

बरं, वापरायचा तर आठवडाभर. मी म्हटलं, वापरू. सकाळी मग घेऊन डिस्पॅचच्या टेबलावर बसलो. बिरू आला, मगाकडं बघितलं, सलाम ठोकला. "बॉस, परवा गावाला जायचंय." मी म्हटलं, "मंजूर." शेखचाचा आले, "बॉस, बॉयलर रूम में पंखा होना." "मंजूर." दुपारपर्यंत माझ्याकडं रांग. मी दोघांना प्रमोशन दिलं, एका वॉचमनची बदली रद्द केली आणि दिवाळीची चादर पूर्वलक्षी प्रभावानं चालू केली.

शेवटी रत्नक्का आली. टेबल धरून उभी राहिली.

"बॉस, खुर्ची?"

"मंजूर!" मी ओरडलो. सगळे टाळ्या वाजवायला लागले.

रत्नक्का हसली नाही. "डॉक्टर म्हणले, असंच वाकून बसायचं आसंल तर काम सोडा," ती म्हणाली. "सोडून कुटं जाऊ, नाना?"

मी तो मग खाली ठेवला. आठवडा संपायचा होता, पण त्यात परत चहा प्यायलो नाही.

*

दुसऱ्या दिवशी मी, मॅडम आणि शेखचाचा, तिघं साहेबांकडं गेलो. मी सरळ बोललो. बायकांच्या कमरा जातायत, चेकिंगला खुर्च्या द्या. एकदम नको, एक तरी द्या. साहेब मोबाइल बघत म्हणाले, "बघू. एकीला दिली की सगळ्या मागतात."

आणि पुढच्या उन्हाळ्यात, भर मे महिन्यात, बर्फाच्या चांदण्या चालू असताना, डिस्पॅचला एक खोकं आलं. मोठं. साहेबांच्या नावाचं. मी आणि बिरूनं फोडलं.

खुर्ची.

चाकाची, काळी, जाळीदार पाठीची. पाठ पुढं येते, मागं जाते, कमरेपाशी वेगळी उशी. साहेबांचं वय पस्तिशीच्या आत. रोज सकाळी जिमला जातात. बिरू तिच्यात बसून एक गिरकी घेऊन आला आणि म्हणाला, "नाना, म्हशीवर बसल्यावानी वाटतंय, पर म्हस हलत न्हाय."

रत्नक्का टॉवेलचा गठ्ठा द्यायला आली होती. ती थांबली. बस म्हटलं तर बसली नाही. नुसता पाठीच्या जाळीवर तळवा टेकवला, दाबून बघितला, सोडला. जाळी परत जागेवर आली.

"चांगलीय की," म्हणाली, आणि गेली.

मी ती खुर्ची साहेबांच्या केबिनमध्ये पोचवली. पोचवावी लागली. माझं काम आहे ते. वाटेत तिच्या चाकांचा फरशीवर जो आवाज झाला, गुडूगुडू, तो मला रात्री जेवताना ऐकू येत होता.

*

गेला ख्रिसमस. या वेळी बायरबाई स्वतः आल्या होत्या. पांढरे केस, सगळ्यांना हात जोडून नमस्कार. चेकिंगच्या हॉलमध्ये फुगे, रव्याचा केक, शेंगा चटणीच्या पुड्या. धाकट्या साहेबांनी लाल टोपी घातलेली.

चिठ्ठ्या आधीच्या आठवड्यात निघाल्या होत्या. साहेबांची चिठ्ठी मला आली होती. मी 'बेस्ट बॉस'चा मग परत करायचं पक्कं केलं होतं, बिरूला तसं बोललोही होतो. पण रत्नक्का डिस्पॅचला आली आणि हात पुढं केला. "नाना, ती मला दे."

"काय देणार?"

"विचार करून देईन. थॉटफुल."

साहेबांची पाळी आली. रत्नक्कानं आणि बिरूनं मिळून एक मोठं बोचकं आणलं, सेकंडच्या हरणांच्या टॉवेलात गुंडाळलेलं. बायरबाई खूश, "ओह, आमचंच डिझाइन!" साहेबांनी कॅमेऱ्याकडं बघत गाठ सोडली. टॉवेल घसरला.

लोखंडी स्टूल. घासून पुसून, वर झेंडूचा हार, आणि आखूड पायाखाली चिंधीची घडी सुतळीनं नीट बांधलेली.



"साहेब," रत्नक्का म्हणाली, "पैसे घालून आणलं नाही. पण माझ्याकडं यापेक्षा जुनं, जिवाजवळचं दुसरं काही नाही."

बायरबाईंनी मॅडमना विचारलं, ती काय म्हणाली? पल्लवी मॅडमनी एकदा बिरूकडं बघितलं. मग अगदी सावकाश, शब्द अन् शब्द स्पष्ट, इंग्रजीत सगळं सांगितलं. हे कोणाचं स्टूल, ती त्यावर बसून काय करते, आणि आमच्या साहेबांचा तो सुंदर नियम, की मिळालेली भेट आठवडाभर कामाच्या जागी वापरायचीच.

"लव्हली," बायरबाई म्हणाल्या. हसल्या नाहीत मात्र. स्वतःचा मोबाइल काढला. "प्लीज, बसा."

साहेब बसले. स्टूल डुगडुगलं. त्यांनी टेबल धरलं. बायरबाईंनी फोटो काढला, मग आणखी एक काढला.

साहेबांनी कॅमेऱ्यासाठी तोंडावरचं हसू तसंच धरून ठेवलं होतं. "पण अक्का," ते म्हणाले, "मग आठवडाभर तुम्ही कशावर बसणार?"

मी बिरूला शोधलं. बिरू हॉलमध्ये नव्हता. शेखचाचाही नव्हते.

"माझी काळजी करू नका, साहेब," रत्नक्का म्हणाली.

आणि केबिनच्या बाजूनं, फरशीवरून, चाकांचा आवाज यायला लागला. गुडूगुडू, गुडूगुडू.