पाच महिन्यांची गावपळण

पुण्यातली नोकरी सोडून मी मालवणात परतलो तेव्हा गावाने मला फार मोठा माणूस मानलं. मी ते खोडून काढलं नाही, ही माझी पहिली चूक. दोन हजार सात-आठचा काळ. बाजारात एका खोलीत एक बुकिंग ऑफिस होतं. तारकर्लीपासून आचऱ्यापर्यंत ज्यांनी घरात पर्यटकांसाठी खोल्या काढल्या होत्या, त्यांच्याकडे ते पाहुणे पाठवायचं. तिथे मी 'सॉफ्टवेअरवाले साहेब' झालो.

ग्राहकांची नोंद ठेवणारं एक तयार सॉफ्टवेअर ऑफिसच्या मालकांनी घेतलं होतं. त्यावर मी माझा कोड चढवला. कोडचं काम एकच, पाळी लावणं. ज्या घरी पाहुणा जाऊन सगळ्यात जास्त दिवस झाले, त्याला पुढचा पाहुणा. कुणाकडे सुतक, कुणाकडे लग्न, की ते घर 'बंद' करायचं आणि तारीख द्यायची. तारखेपर्यंत कोड झोपून राही, मग उठून घर आपोआप 'चालू' करी. तारीख दिल्याशिवाय बंदच करता येणार नाही, अशी मेख मी मारून ठेवली होती. तिचा मला फार अभिमान.

आचऱ्यातलं आमच्या यादीत एकच घर होतं. काकीचं. नात्याने कुणी नाही, पण शाळेत असताना तिच्या पडवीत मी इतकी पेज जेवलोय की काकीच. तिचा मुलगा डोंबिवलीत. "एकटी कित्याक रवतंस, हंय ये," हा त्याचा धोशा. काकीने मागच्या दोन खोल्या रंगवून घेतल्या आणि त्याला सांगितलं, "एक सिझन बघतंय. पावणे इले तर मी हंयच. नाय इले तर तू म्हणतंस तसा."

त्या वर्षी मार्गशीर्षात आचऱ्याची गावपळण लागली. देवाने कौल दिला की अख्खा गाव गुरंढोरं, कोंबड्या घेऊन तीन दिवस वेशीबाहेर राहतो. घरात चिटपाखरू नाही. मी काकीचं घर बंद केलं, चौथ्या दिवसाची तारीख टाकली. आणि नेमक्या त्याच तीन दिवसांत सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवली. नाताळच्या आधी उरकेल, आचऱ्याचं कुणी विचारणार नाही, असा माझा हुशार हिशेब.

नव्या आवृत्तीत कोड लिहायची रीतच वेगळी होती. मी ओळ न् ओळ नव्याने बसवली. एक खोटं घर केलं, बंद केलं, दुसऱ्या दिवशी ते आपोआप चालू झालं. मालकांना दाखवलं, चहा घेतला. माहितीपुस्तकात चौकटीत लिहिलं होतं, की जुन्या आवृत्तीत वाट बघत झोपलेली कामं आधी संपवा, ती पुढे येत नाहीत. मी चौकटी वाचत नसे. चौकटी नवशिक्यांसाठी असतात.

काकीचा फोन आला तो नाताळात. "बाबू, पावणे खंय रे? एकय फोन नाय."

"काकी, यंदा सिझनच थंड आसा."

शिमग्याच्या आधी पुन्हा. "तारकर्लेक गाडये लागलेत म्हणतत?"

"ते एका दिवसाचे गो. रवनत नाय."

तिसऱ्यांदा तिने पाहुण्यांचं काढलंच नाही. माझी तब्येत विचारली. मी बरी आहे म्हणालो. तिन्ही वेळा कॉम्प्युटर समोर चालू होता. तिचं नाव टाकून बघायला किती वेळ लागला असता? मी मोठा माणूस होतो ना.

मे महिन्यात एका लग्नाला आचऱ्याला गेलो आणि काकीकडे चहा घ्यावा म्हणून वळलो. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "काकी झीलाकडे डोंबिवलेक गेली. पावणेच नाय, मगे काय करतली?"

दुसऱ्या दिवशी यादी उघडली. काकीचं घर: बंद. कारण: गावपळण. ते उठवणारा झोपलेला कोड जुन्या आवृत्तीतच राहून गेला होता. सगळा गाव चौथ्या दिवशी घरी परतला होता. काकीची गावपळण मी पाच महिने चालवली होती.

घाईघाईत ते चालू केलं. आणि पाळी इमानदार निघाली. पाच महिने एकही पाहुणा न मिळालेलं घर सगळ्यांच्या पुढे! पाहुणा घरी पोचेपर्यंत पाळी पुढे सरकत नसे, म्हणून त्या दिवशीच्या चारही कुटुंबांना तिचाच नंबर गेला. संध्याकाळी तिचा फोन.

"बाबू, चार फोन इले. विचारतत, जेवणाक मासे खयचे आसत? मी डोंबिवलीक चवथ्या माळ्यार बसलंय. तेंका काय सांगू?"

"काकी, मशीनची चूक झाली."

मागे कुणाचा तरी टीव्ही चालू होता.

"मी मशीनाक फोन नाय केलंय रे. तुका केलंय. तीनदा."

फोन ठेवून मी चारही कुटुंबांना दुसरीकडे वळवलं आणि काकीचं घर पुन्हा बंद करायला बसलो. पडद्यावर चौकट आली: कधीपर्यंत? रकाना रिकामा सोडून पाहिला. सोडू देईना.