आम्ही निरंक बाया

कारकुनाने कागदावर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं, "निरंक."

मी हसले. पदर सारखा केला आणि म्हटलं, "हां सायेब. ती मीच."

अख्खं हापीस हसलं. शेजारच्या टेबलावरचा माणूस चहा पिता पिता ठसकला. टाइप करणाऱ्या बाईंची बोटं थांबली. माझ्या कारकुनाने आतल्या खोलीत हाक मारली, "अहो, बाहेर या जरा. ह्या बाई निरंक आहेत. स्वतः सांगतायत." मीही सगळ्यांबरोबर हसत उभी राहिले. मला वाटलं, ओळख पटली म्हणून मंडळी खूश झाली.

आज माझ्या नाती म्हणतात, आजी, तू पहिल्यापासून अशीच वस्ताद होतीस का गं? नाही बायांनो. सव्वीस वर्षांची होईपर्यंत तुमची आजी अस्सल बावळट होती. अंगठेबहाद्दर, आणि वर तोरा केवढा.

हसणं ओसरल्यावर कारकून मला समजावून सांगायला लागला. लहान मुलीला सांगतात तसं.

"निरंक म्हणजे शून्य. काही नाही. हे बघ, तुझ्या नावापुढे लिहिलंय. व्यवसाय, निरंक. मिळकत, निरंक. कळलं?"

मला वाचता येत नव्हतं, पण मी वाकून बघितलं. बघितल्यासारखं केलं.

"सायेब, मी आगरात काम केलंय. धा वर्सं."

"नवऱ्याला पाठव."

"तो उठत नाय. कंबर मोडली त्याची."

"मग मी काय करू? ही मिठागर कामगारांची यादी आहे. तू आयुष्यात कधी काही केलेलं नाहीस, असं तूच सांगितलंयस. आता कशाला पाहिजे काम? बस की घरी."

मी वळले तेव्हा त्याची नजर खाली गेली. खाडीच्या बांधावरून चालत आले होते. नव्या कोऱ्या फरशीवर दारापासून टेबलापर्यंत माझी चिखलाची पावलं उमटली होती.

"ए. ते पुसून जा."

फडकं कुणी दिलं नाही. मी बसले आणि पदराने पुसलं. टेबलापासून दारापर्यंत, उलटी सरकत. शेवटचं पाऊल पुसून झाल्यावर मी त्याला काय म्हटलं असेल? "येतं सायेब." असं म्हटलं. तेव्हाच्या त्या बयेचा आज कुठे पत्ता लागला ना, तर कान धरून उभी करीन.

आता हे निरंक माझ्या नावाला चिकटलं कसं, ते सांगते. ते चिकटवणारी मीच.

चार वर्षं आधीची गोष्ट. सत्तरचं दशक सरत आलं होतं. नवं शहर येणार म्हणून आमच्या खाडीकाठच्या गावात घरोघर माणसं फिरत होती. किती जागा, किती माणसं, कोण काय कमावतं, सगळं लिहून घेत होती. त्यांना पुढे काय करायचंय ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

आमच्याकडे तेव्हा बाईच्या सुखाची एकच खूण होती. ती घरी बसून खाते. आळीतल्या एकीचा नवरा मुंबईत गिरणीला होता. ती दुपारी ओट्यावर बसायची, पायाला तेल लावायची. तिच्या पायाला भेगा नव्हत्या. आम्ही बाकीच्या जणी आगरातून यायचो, तेव्हा मान खाली घालून तिचे पाय बघत जायचो.

आमचे पाय काय सांगू. मिठागरात चप्पल चालत नाही. डिसेंबर-जानेवारीपासून पाऊस लागेस्तोवर खाऱ्या पाण्यात उभं राहायचं. नवरा लाकडी फळीने मीठ ओढून ढीग करायचा, मी ते टोपलीत भरून डोक्यावरून बांधावर न्यायची. टोपलीतलं पाणी मानेवरून पाठीवर उतरायचं. पायाच्या भेगांत मीठ जायचं. घरी आल्यावर पहिल्यांदा गोड्या पाण्यात पाय बुडवायचे. तेव्हा जी आग व्हायची तिला आम्ही काही नाव ठेवलं नव्हतं. रोजच्या गोष्टीला नाव कशाला?

आणि कामाची पद्धत कशी, तर जोडीची. मुकादम सकाळी नवऱ्याचं नाव पुकारायचा. नवरा "हाय" म्हणायचा. त्या एका "हाय"मध्ये मी आलेच. हजेरीत नाव त्याचं, मजुरी दोघांची, आणि ती शनिवारी पडायची त्याच्या हातात. बैलजोडी हाकताना दोन बैलांची नावं तरी घेतात.

तर लिहून घेणारा आमच्या दारात आला. विजार घातलेला, हातात पुठ्ठा आणि कागद. मी नुकतीच आगरातून आले होते. आळीत माणूस शिरलाय कळल्यावर मी धावत मागच्या दारी गेले, पाय घासले, तोंड धुतलं आणि लग्नातलं हिरवं लुगडं नेसले. भर उन्हात. केसांत फूलसुद्धा घातलं. शहरातला माणूस येतोय, त्याला कळू दे आम्ही कोण ते.

त्याने आधी नवऱ्याचं लिहिलं. मग सासूचं. मग मला म्हणाला, "तुम्ही काय काम करता?"

तुम्ही म्हणाला मला. तिथेच मी गार.

"मी?" म्हटलं, "मी काय नाय करत. घरीच आसतं."

सासूने माझ्याकडे बघितलं. मग मान डोलावली. सून घरी बसून खाते हे ऐकायला तिलाही बरं वाटलं असणार. नवरा तर मिशीवर हात फिरवत होता. बायकोला कामाला लावत नाही असा नवरा तो, त्या पाच मिनिटांपुरता.

त्याने लिहिलं. मी विचारलं, "काय लिवलं?"

"निरंक."

काय शब्द होता. देवळात कीर्तनकार म्हणायचे ना, निर्मळ, निष्कलंक. तसाच घंटेसारखा वाजला. मी मनात म्हटलं, बघ, नुसतं तोंड बघून ओळखलं त्याने.

संध्याकाळी विहिरीवर मी सांगितलं, "मना सरकारनं निरंक लिवलं." हंडा कमरेवर घेऊन असं काही सांगितलं, की बाया पाणी ओढायच्या थांबून माझ्याकडे बघायला लागल्या.

"म्हंजे काय गो?" एकीने विचारलं.

"म्हंजे चांगल्या घरची."

"मंग आमाला का नाय लिवलं?"

तो माणूस दुसऱ्या दिवशी आला तेव्हा बायांनी त्याला गाठलं. आमचं पन तेच लिवा. तो बिचारा गोंधळला. म्हणाला, काल तर तुम्ही आगरात जाता म्हणालात. त्या म्हणाल्या, ते आसंच म्हनलो, आमी घरीच आसतो. त्याने खोडलं आणि लिहिलं. मला धरून आमच्या आळीत अशा नऊ जणी निरंक झाल्या. मीठ वाहून मान वाकडी झालेल्या नऊ जणी.

एक राहिली. पारूबाय. तिचा नवरा खाडीत बुडून गेला होता, कुणाच्या नावाआड उभं राहायला माणूसच नव्हता; मुकादम तिला एकटीला सुट्या मजुरीवर घ्यायचा. तिने सांगितलं, "मी मीठ वाहातं. लिव." तिच्या नावापुढे लिहिलं गेलं, मिठागर मजूर. आम्ही तिला हसलो. मी सगळ्यांत जास्त. विहिरीवर तिला म्हटलं, "पारूबाय, तुज्या नशिबी मजूरच गो." ती म्हणाली, "पोटाला काय सांगू मंग, मी घरीच आसतं म्हनून?"

मी तेव्हा त्याच्यावरही हसले.

पुढची चार वर्षं भराभर गेली. नवरा गाडीवर गोणी चढवताना फळीवरून पडला, तो परत सरळ उभा राहिला नाही. त्याचं नाव पुकारलं जाईना, तर माझंही काम सुटलं. जोडीतला एक बसला की दुसरा आपोआप बसतो; पारूबायसारखी एकटी मजूर मुकादमाला आणखी नको होती. मग आगरच बंद झालं. बांध फोडून भराव घालायला लागले. मिठागरात राबलेल्यांना नव्या शहरात काम मिळणार असं गावात कळलं. झाडांना पाणी घालायचं, रस्ते झाडायचे. पक्कं काम, महिन्याचा पगार. घरात न उठणारा नवरा, सासू आणि दोन मुली. चुलीवर कधी नुसत्या तांदळाच्या कण्या. ते काम मला मिळालं तर आम्ही जगणार होतो. म्हणून मी त्या हापिसात गेले, आणि पुढचं तुम्ही ऐकलंच.

घरी येऊन मी सासूला सांगितलं, निरंक म्हणजे काय ते. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "दुसरे दिशी मी पन तेच लिवून घेतलं व्हतं." ती तर चाळीस वर्षं आगरात होती.

नवऱ्याने भिंतीकडे तोंड केलं. तो वाईट माणूस नव्हता. पण त्या दिवशी तो एवढं जरी म्हणाला असता, की तुझी अर्धी मजुरी माझ्या नावावर गेली, तर मला आधार वाटला असता. तो म्हणाला, "तुला कोनी सांगतलं व्हतं हिरवा लुगरा नेसाला?" खरं होतं. तरी मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

आठवड्याने तोच कारकून एका साहेबाला घेऊन गावच्या शाळेत आला. टेबल मांडलं. आगराचा मुकादमही बोलावला होता, ओळख पटवायला. यादीतल्या लोकांना नोकरीची पत्रं दिली. पारूबायला मिळालं. मग आम्हा राहिलेल्या बायांना पुढे घेतलं. साहेबाचा आवाज गोड होता.

"तुम्हाला नोकरी देता येत नाही. पण तुम्ही अवलंबित आहात, म्हणून सरकार एकदाच थोडी मदत देतंय. इथे अंगठा करा. पुन्हा कामाचा हक्क सांगायचा नाही, एवढंच आहे."

मी पहिलीच होते. कारकुनाने शाईची डबी पुढे सरकवली. मला ओळखून हसला. "ये, निरंक."

मी अंगठा शाईवर टेकवलाही होता. मग विचारलं, "अवलंबित म्हंजे काय सायेब?" एकदा भाजलं होतं, आता विचारून घेत होते.

"म्हणजे दुसऱ्याच्या कमाईवर जगणारी."

माझं काय झालं ते नीट सांगता येत नाही. राग आला असं म्हणू? राग नंतर आला. आधी एक हिशोब डोक्यात उजेडासारखा पडला. मी मुकादमाकडे वळले.

"दादा, माजी धाकटी झाली तवा मी बारा दिस आले नाय. तुमी आमची मजुरी अर्दी कापली. माजा नवरा रोज येत व्हता. मंग ती कापली कोनाची?"

मुकादम एक पाऊल मागे सरकला.

"सांगा ना. मी काय करतच नव्हते, तर माजं कापलं काय?"

मागून पारूबाय म्हणाली, "हजेरी काढा तिची. कापल्याचं लिवलेलं आसंल." आम्ही तिला हसलो होतो, तरी ती आमच्यासाठी बोलली.

साहेबाचा गोडवा गेला. "बाई, तोंडी चालत नाही. कागदावर तुमचं नाव नाही. अंगठा करायचा तर करा, नाहीतर बाजूला व्हा."

मी शाई लुगड्याला पुसली. बाजूला झाले.

माझ्यामागे आठ जणी होत्या. पाच जणींनी अंगठा केला. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्याही चुली होत्या, आणि त्यांना निरंक केलं होतं मीच. त्यांच्यापैकी एकीने पुढे कितीतरी वर्षं मला हाक मारली नाही. तिचं बरोबर होतं.

मला नोकरी मिळाली नाही. कधीच नाही. हजेरीवह्या कुठे गेल्या ते विचारायला मी दोन वर्षं हेलपाटे घातले. प्रत्येक वेळी चिखलाच्या पायांनी आत गेले आणि तशीच बाहेर आले. फरशी पुन्हा पुसली नाही. एकदा शिपाई ओरडला तेव्हा म्हटलं, "ह्याच्याखाली आमचं आगर हाय. तू पुस."

मग आमच्याच भरावावर इमारती उठायला लागल्या. मी वाळूच्या पाट्या वाहायला गेले. पहिल्या सकाळी ठेकेदार वही घेऊन उभा होता.

"नवऱ्याचं नाव?"

"त्याचं काय काम? तो नाय येत."

"बाईमाणसाचं नवऱ्याच्या नावाने लिहितो आम्ही. पद्धत आहे."

मी डोक्यावरची पाटी खाली ठेवली. माझ्यामागे रांगेत बाया होत्या. घरी दोन्ही मुली उपाशी होत्या.

"माजं नाव लिवा. आनि मजुरी माज्या हातात द्या."

"नाही लिहिलं तर?"

"तर वाळू तुमीच वाहा."

त्याने शिवी दिली. मग लिहिलं, कारण स्लॅब टाकायचा होता आणि माणसं कमी होती. मी त्याला ते वाचून दाखवायला लावलं. मग मागच्या बाईकडे वळून म्हटलं, "तुज्याच नावानं लिवाला सांग." तिने सांगितलं. तिच्या मागचीनेही.

शनिवारी मजुरी हातात पडली, ती पुरुषाच्या निम्मी होती. मी ती घेतली आणि ठेकेदाराला तिथेच सांगितलं, सोमवारी मी ह्याच्याबद्दल बोलायला येनार हाय, आनि एकटी येनार नाय.